कावळ्याबाबत तज्ज्ञाचा अहवाल

“मॅडम, हा कावळा खरा आहे का?”

न्यायाधीशांनी हा प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला. टेबलावरच्या लॅपटॉपवर व्हिडिओ थांबवलेला होता. पडद्यावर गोदावरीचा घाट, पत्रावळीवर भाताचे पिंड आणि त्यातल्या एकात चोच घातलेला काळाभोर कावळा.

“माझ्याकडे व्हॉट्सॲपवरून आलेली कॉपी आहे,” मी म्हटलं. “तेवढ्यावरून पक्कं मत देता येणार नाही. मूळ फाइल लागेल.”

“आणि मूळ कावळा?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. न्यायाधीशांनी शिपायाकडे रागाने पाहिलं, पण शिपाईही हसत होता.

मी डिजिटल फॉरेन्सिकचं काम करते. मोबाइल, कॅमेरा, हार्ड डिस्क यांतल्या फाइल जशाच्या तशा आहेत की त्यांत कुणी हात घातला आहे, हे तपासून कोर्टाला लेखी मत देते. आधी सरकारी लॅबमध्ये होते, निवृत्तीनंतर नाशिकला घरूनच काम करते. श्रीधर, माझे पती, गेल्यावर चार महिने मी एकही काम घेतलं नव्हतं. हे पहिलंच. दशक्रियेचा व्हिडिओ आहे हे आधी कळलं असतं तर कदाचित घेतलंही नसतं.

दावा सिन्नर तालुक्यातल्या मंदाबाईंचा होता. नवऱ्याचं घर सोडून त्या वीस वर्षांपूर्वी माहेरी आल्या. वडिलोपार्जित शेताच्या कडेला दोन खोल्यांत राहून त्यांनी रोपवाटिका उभी केली. टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं ट्रेमध्ये वाढवून शेतकऱ्यांना द्यायची. वडील, म्हणजे आबा, वारले आणि थोड्याच दिवसांत धाकटा भाऊ अशोक म्हणाला, ताई, खोल्या रिकाम्या कर, इथे प्लॉट पडणार आहेत. मंदाबाई म्हणाल्या, माझा वाटा आहे. अशोकने कागद दाखवला. हक्कसोड पत्र. खाली मंदाबाईंची सही, रजिस्टर झालेली.

मंदाबाईंचं म्हणणं असं की, “आबांचं ऑपरेशन आहे, जमीन तारण ठेवायची, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात” असं सांगून अशोकने त्यांना रजिस्ट्रारच्या कचेरीत नेलं होतं. वडिलांसाठी म्हणून त्यांनी न वाचता सही केली. आता हे सिद्ध कशाने करायचं? त्यांच्याकडे एकच पुरावा होता. दशक्रियेचा व्हिडिओ.

दहाव्या दिवशी पिंड मांडून सगळे बाजूला होतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा पटकन शिवला तर गेलेला माणूस समाधानाने गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मनात राहिलं. मग घरातला एकेक जण पुढे होऊन हात जोडून कबूल करतो, की तुमचं अमुक मी पाहीन, तमुक करीन, आता या. श्रीधरच्या वेळी कावळा लगेच आला. गुरुजी खूश झाले. मला काहीच बोलायची वेळ आली नाही.

आबांच्या वेळी मंदाबाई घाटावर नव्हत्या. म्हातारी आई आजारी होती, तिच्यापाशी घरी होत्या. दोन दिवसांनी अशोकने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीड मिनिटाचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, “आबा तृप्त झाले.” व्हिडिओत अशोक हात जोडून म्हणतो, “आबा, ताईची सही मी तुमच्या आपरेशनचं सांगून घेतली. ते हक्कसोड होतं. ते मी रद्द करतो. तिचा वाटा तिला देतो. आता तरी या, लय ऊन झालं.” आणि अकरा सेकंदांनी कावळा येतो.

प्लॉटवाला माणूस भेटल्यावर अशोकचं मत बदललं. कोर्टात त्याने लेखी दिलं की हा व्हिडिओ एआयने बनवलेला आहे, त्यातला आवाज माझा नाही.

म्हणजे प्रश्न सरळ होता. व्हिडिओ खरा ठरला तर मंदाबाईंच्या खोल्या आणि रोपं राहणार. खोटा ठरला तर प्लॉट.

नव्या साक्ष कायद्यात असा पुरावा दाखल करताना दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. पहिला भाग फाइल ज्याच्याकडे होती त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मंदाबाईंनी पहिला भाग स्वतः भरला होता. उपकरणाच्या स्थितीच्या रकान्यात लिहिलं होतं, “काच फुटली आहे पण चालतो.”

त्याच प्रमाणपत्रात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. आकडे आणि अक्षरांची लांबलचक ओळ. फाइलमध्ये टाचणीएवढा बदल झाला तरी ती ओळ पार बदलते. श्रीधरचा शेवटचा व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहे. “येताना कोथिंबीर आण, कालच्यासारखी पिवळी नको.” सहा सेकंद. त्याचा हॅश मी वहीत लिहून ठेवला आहे आणि महिन्यातून एकदा पुन्हा काढून पाहते. अजून तोच येतो.

पण हॅशला एक मर्यादा आहे. फाइल आज आणि उद्या तीच आहे एवढंच तो सांगतो. ती मुळात खरी होती का, हे सांगत नाही. शिवाय व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो. कुठल्या कॅमेऱ्याने, कधी काढला ही माहिती त्यातून निघून जाते. मग तज्ज्ञाच्या हातात उरतात फक्त डोळे.

डोळ्यांनी मी तो कावळा तीन दिवस पाहिला. आपल्याकडच्या साध्या कावळ्याची मान राखाडी असते. याची पूर्ण काळी. उन्हात पत्रावळीची सावली होती, तांब्याची होती, कावळ्याची नव्हती. आणि त्याने सात वेळा चोच मारूनही भाताचं एक शीत कमी झालं नव्हतं.

पुढच्या तारखेला मी एवढं प्राथमिक मत दिलं. कावळा नंतर घातलेला दिसतो.

मंदाबाईंचे निकम वकील घाबरून उभे राहिले. “सर, डोमकावळा पूर्ण काळाच असतो!”

अशोकचे देशमुख वकील शांत होते. “डोमकावळ्याला सावली नसते का?”

“ढग आला असेल.”

“फक्त कावळ्यावर?”

“आणि डोमकावळा शिवलेला चालतो का,” न्यायाधीश पुटपुटले. मग सावरून स्टेनोला म्हणाले, “हे घेऊ नका.”

देशमुखांनी मग खरा मुद्दा मांडला, आणि तो चांगला होता. “सर, ज्या मशीनने कावळा बनवला, त्याच मशीनने माझ्या अशिलाचा आवाज बनवला नसेल कशावरून? एक वस्तू खोटी निघाली. बाकीचं खरं कसं धरायचं?”

मी पुन्हा मूळ फाइल मागितली. घरी येताना मला वाईट वाटत होतं. मी माझं काम नीट केलं होतं आणि त्यामुळे एका बाईचं घर जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मंदाबाई दारात. हातात मिरचीच्या रोपांचा ट्रे.

“मॅडम, कुंडीत लावा. तिखट हाय, पण गुणाची हाय.”

“मला तुमच्याकडून काही घेता येणार नाही. तुमच्याशी बोलताही येणार नाही. मी कोर्टाने नेमलेली आहे.”

“बोलू नका. मी बोलते. कावळा खोटा म्हंता, तर माझी आई त्या कावळ्याकडं बघून जेवायला लागली होती. दोन दिवस पाणी घेतलं नव्हतं तिनं.” त्यांनी ट्रे दुसऱ्या हातात घेतला. “कावळा खोटा असंल. अशोक्या खरं बोललाय. तो खोटं बोलताना कान खाजवतो. व्हिडिओत खाजवला नाय.”

ट्रे परत घेऊन त्या गेल्या. हे मला अहवालात लिहिता येण्यासारखं नव्हतं. तरी मी व्हिडिओ पुन्हा लावला. दोन्ही हात जोडलेलेच होते.

कोर्टाच्या हुकमाने मी व्हिडिओ काढणाऱ्याकडे गेले. सलीमभाई. पन्नाशीचा माणूस, बारीक दाढी, जुन्या नाशकात छोटा स्टुडिओ. पाटीवर एकाखाली एक लिहिलेलं: लग्न, साखरपुडा, बारसं, दशक्रिया.

“बसा मॅडम. चाय?”

“नको. कावळ्याबद्दल विचारायचंय.”

“कोणता कावळा?”

“म्हणजे बरेच आहेत?”

सलीमभाई लाजले. “काय करणार? हल्ली घाटावर कावळ्यांचं पोट भरलेलं असतं. एका सकाळी इतके पिंड! बघतपण नाहीत तिकडे. लोक उन्हात उभे, कुणी रडतंय, कुणी भांडतंय. मी म्हटलं, व्हिडिओत तरी समाधान देऊ. ॲपमध्ये लिहायचं, कावळा येतो, भात खातो. झालं.”

त्यांनी आबांच्या व्हिडिओसाठी बनवलेले आधीचे कावळेही दाखवले. नामंजूर झालेले. पहिल्याला तीन पाय होते. दुसरा पिंड पंखात धरून लाडवासारखा खात होता. तिसरा खाऊन झाल्यावर कॅमेऱ्याकडे वळला आणि नम्रपणे मान झुकवून उभा राहिला.

“हा मला लय आवडलेला,” सलीमभाई म्हणाले. “पण अशोकशेठ बोलले, हे जास्त होतंय.”

“अशोकरावांनी पाहिले होते हे?”

“त्यांचीच तर ऑर्डर! घाटावरच म्हणाले, सलीमभाई, व्हिडिओत कावळा घालून द्या, आईला दाखवायचाय.”

मी चहाला हो म्हटलं.

आता खरा प्रश्न. “मूळ शूटिंग आहे? कावळा घालायच्या आधीचं?”

“आहे ना. लग्नाचं सहा महिन्यांत डिलीट करतो. कोण बघतं परत? मय्यतीचं करत नाही.” त्यांनी कपाटातून एक हार्ड डिस्क काढली. रुमालात गुंडाळलेली होती. “एकदा सहा वर्षांनी एक बाई आली. म्हणाली, माझ्या आईच्या दहाव्याला बाबा उभे होते, ते आता गेले, त्यांना चालताना बघायचंय. तेव्हापासून ठेवतो.”

मी डिस्क आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक छोटं यंत्र लावलं. त्यातून फाइल वाचता येते, पण डिस्कवर काही लिहिलं जात नाही. शेजारचे रसवंतीवाले पंच म्हणून बसले. हॅशची चौसष्ट अक्षरं मी मोठ्याने वाचली, त्यांनी ती पंचनाम्याशी ताडून पाहिली आणि सही करताना म्हणाले, “काय लिहिलंय ते कळलं नाही, पण बरोबर आहे.” कोर्टातल्या बऱ्याच सह्यांबाबत असंच म्हणता येईल.

मूळ व्हिडिओ नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. त्यात कावळा नव्हता. बाकी बरंच होतं.

अशोक पहिल्या मिनिटाला पुढे होतो. “आबा, तंबाखू सोडतो.” सगळे वर बघतात. काही नाही. “आबा, तुमची म्हैस इकणार नाय.” काही नाही. “आबा, चुलत्याच्या पोरांशी बोलायला लागतो.” एक कबुतर येतं, त्याला हाकलतात. “आबा, मारुतीच्या पाराला फरशी बसवतो.” मग गर्दीतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येतो. “अरे, फरशी काय घेऊन बसलास? मंदीचं बोल, मंदीचं!” अशोक मागे वळून त्या बाईकडे बघतो, मग पुन्हा हात जोडतो. आणि सहाव्या मिनिटाला ते वाक्य बोलतो. शब्द तेच, मध्ये दोनदा आवाज फुटतो तोही तसाच.

तरी कावळा येत नाही. शेवटी गुरुजी म्हणतात, “अशोकराव, दर्भाचा कावळा करतो. मागे चार पार्ट्या थांबल्यात.” दर्भ, म्हणजे विधीतलं गवत. त्याचा कावळा करून पिंडाला लावायचा, ही जुनी सोय आहे. गुरुजी तो लावतात. माणसं पांगतात. रेकॉर्डिंग संपतं.

मी सविस्तर अहवाल दिला. मूळ फाइलमध्ये जोडकाम आढळलं नाही. आवाज, मागची घंटा, वारा, ओठ, सगळं एकमेकांशी जुळतं. दीड मिनिटाच्या कॉपीत कावळा नंतर घातलेला आहे. बोलणं मूळचं आहे.

सुनावणीच्या दिवशी संपूर्ण व्हिडिओ कोर्टात लावला. तंबाखूला हशा झाला. कबुतराला जास्त झाला. सहाव्या मिनिटाला कुणी हसलं नाही. मंदाबाई मान पुढे काढून बघत होत्या. पूर्ण व्हिडिओ त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

मग देशमुखांनी माझी उलटतपासणी घेतली.

“मॅडम, ही डिस्क कोणाकडून मिळाली?”

“सलीमभाईंकडून.”

“जे खोटे कावळे बनवतात?”

“हो.”

“किती बनवले?”

“माझ्यासमोर चार होते.”

“असा माणूस खोटा अशोक बनवू शकणार नाही, असं तुम्ही शपथेवर सांगाल?”

“त्यांना तीन पायांचा कावळा जमला, यावरून—”

“हो की नाही?”

“बनवल्याची खूण मला आढळली नाही.”

“खूण न सोडता बनवता येतंच नाही, असं सांगाल?”

“नाही. उद्या काय येईल ते मला माहीत नाही.”

“म्हणजे शंभर टक्के खात्री नाही.”

“शंभर टक्के असा शब्द मी अहवालात वापरत नाही.”

“दॅट्स ऑल, सर.” देशमुख समाधानाने बसले. निकम वकील टेबलावरचा एकच कागद पुन्हा पुन्हा सरळ करत होते. न्यायाधीशांनी चष्मा काढला. मी सगळं खरं सांगितलं होतं आणि दावा माझ्या डोळ्यांसमोर बुडत होता.

तेवढ्यात मागून अशोक उभा राहिला. पडद्यावर शेवटचं चित्र तसंच थांबलेलं होतं. पत्रावळ, पिंड आणि रिकामी पायरी. तिकडे बोट दाखवत तो म्हणाला, “साहेब, आता तुम्हीच बघितलं ना? तंबाखू सोडली, नाय आला. म्हशीचं बोललो, नाय आला. शेवटी ताईचंबी बोलून टाकलं. तरी आला का? नाय आला! मग आबांना मान्यच नव्हतं ना ते. मग मी काय म्हणून देऊ?”

देशमुखांनी डोळे मिटले.

“म्हणजे हे तुम्ही बोललात?” न्यायाधीशांनी विचारलं.

“बोललो की. पण शिवला नाय ना!”

“व्हिडिओतला आवाज तुमचाच?”

“मग काय कावळ्याचा?”

“अशोकराव, खाली बसा,” देशमुख दबक्या आवाजात म्हणाले.

“का बसू? इतके दिवस हेच सांगतोय तुम्हाला, कावळा खोटा हाय. आता निघाला ना खोटा? मग जिंकलो ना आपण?”

देशमुख उठले. “सर, माझे अशील शपथेवर नाहीत.”

“मग घेऊ या शपथेवर,” न्यायाधीश म्हणाले.

अशोक स्वतःहून, चपला बाहेर काढून, पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. शपथ घेऊन त्याने तेच पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मुद्देसूद. वचन दिलं होतं, पण ज्याला दिलं त्याने घेतलं नाही. दर्भाचा कावळा गुरुजींनी केला, त्याला आपली संमती नव्हती. एआयचा कावळा फक्त आईच्या समाधानासाठी होता, तो हिशेबात धरू नये. त्याचा या सगळ्यावर मनापासून विश्वास होता. मी इतकी वर्षं कोर्टात साक्षी ऐकल्या, इतकी प्रामाणिक साक्ष क्वचित ऐकली.

निकम वकिलांनी एकच प्रश्न विचारला. “आबांच्या ऑपरेशनसाठी जमीन तारण ठेवली होती का?”

“नाय. आपरेशन सरकारी योजनेत झालं. तारण कशाला लागतंय?”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने कान खाजवला, पण आता खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हक्कसोड पत्र रद्द झालं. मंदाबाईंचा वाटा आणि खोल्या राहिल्या. अपिलाची मुदत उलटून गेली, अपील झालं नाही. निकालपत्रात कावळ्यावर एकच ओळ आहे. पिंडाला कावळा शिवला किंवा न शिवला, याने कबुलीच्या खरेपणाला बाध येत नाही. माझ्या अहवालावरही एकच ओळ आहे. तो प्रतिवादीच्या जबाबाशी सुसंगत आहे म्हणून ग्राह्य धरला. तीन महिन्यांचं काम, चौसष्ट अक्षरांचा हॅश, आणि शेवटी यंत्राला माणसाने दुजोरा दिला. आमच्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी हे सांगते. मूळ फाइल मिळवा, ती जपा, हॅश काढा. मग ज्याचा आवाज आहे त्याला ती पूर्ण दाखवा, आणि त्याला बोलू द्या.

निकाल लागला त्या दिवशी मंदाबाई कोर्टाच्या आवारात थांबल्या होत्या. दावा संपला होता, आता बोलायला हरकत नव्हती. त्या आनंदात दिसत नव्हत्या.

“मॅडम, म्हंजे आबांना कावळा शिवलाच नाय?”

मी सवयीने उत्तर दिलं. “रेकॉर्डिंग नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. तेवढ्या वेळात कावळा आलेला नाही. नंतर कॅमेरा बंद झाला. लोकही गेले. पत्रावळ तिथेच होती.”

“म्हंजे नंतर आला असंल.”

“आला नाही, असं मला म्हणता येणार नाही.”

त्यांनी यावर बराच विचार केला. मग म्हणाल्या, “आई रोज इचारती. एवढं लिहून द्याल का?”

मी पायरीवर बसले. पिशवीतून लेटरहेड काढलं आणि लिहिलं: “सदर रेकॉर्डिंग संपल्यानंतर पिंडास कावळा शिवला नाही, असा कोणताही पुरावा तपासणीत आढळला नाही.” खाली सही केली, शिक्का मारला. मंदाबाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि मिरचीची चार रोपं माझ्या पिशवीत ठेवली. या वेळी मी घेतली.

आजवर मी दिलेल्या अहवालांपैकी उलटतपासणी न झालेला हा एकमेव.